बिल्ला खुंटीवर राहिला

ती. बाबा,

मी ठणठणीत आहे, एवढं आईला मोठ्याने वाचून दाखवा. पुढचं एकटेच वाचा.

अणुभट्टीत शिरताना छातीवर बिल्ला लावतात. अंगावर किती किरणं पडली ते तो मोजतो. परवा डगल्यावर चहा सांडला, मी दुसरा चढवला आणि बिल्ला जुन्यावरच खुंटीला राहिला. वीस मिनिटं पंपाशी काम करून बाहेर आले, तेव्हा कळलं. बिल्ला मात्र मजेत, खुंटीवर!

साहेब म्हणाले, "घाबरू नकोस. सोबतच्या फिटरचा आकडाच तुझा धरू."

डोकंच फिरलं माझं. किरणं येतात पंपातूनच; मी त्याच्यापासून एका हातावर होते, फिटर दोन हातांवर. तुम्ही वर्गात दिवा मागे नेऊन दाखवायचात: अंतर दुप्पट केलं की उजेड निम्मा नाही, पाव होतो, म्हणून तर सूर्याहून तेजस्वी तारेही मिणमिणते दिसतात. हे साहेबांना सांगितलं, तेव्हापासून त्यांनी बोलणंच टाकलंय.

तुमचा खोकला कसा आहे? आईने चष्मा बदलला का?

फिटरचा बिल्ला तपासून आकडा शुक्रवारी येईल. फोन आईच उचलेल, म्हणून मी फिटरचाच आकडा सांगेन. चारने तुम्ही गुणा, मनातल्या मनात.

तुमची,
थोरली