गाडीवर कोण जाणार

३ नोव्हें.
नवरोबा दिनेश जहाजावरच्या नोकरीला परत गेला आणि त्याची वसाहत माझ्या गळ्यात. लॅपटॉपवरचा खेळ. माणसं आपली आपण चालतात, आपण फक्त कामं नेमायची. जाताना बजावून गेला, "थंडी येवच्या आधी कोठार भर. आणि जुनो सेव्ह उघडून खेळ मागे न्हेवचो नाय हां. मेलो तो मेलो." त्यातल्या दोघांना आमचीच नावं दिलीत, दिनू आणि हेमा. या वयात शोभतं का?

६ नोव्हें.
गहू पिकला. कोठार लांब. सगळ्यांना ओझी वाहायला लावलं. शिरोड्यात वाढलेय मी. समुद्रात टाकलेलं मोठं जाळं, रापण, किनाऱ्यावर ओढायची वेळ आली की अख्खा वाडा दोरीला लागतो आणि दोरीला हात लावेल त्याला मासळीचा वाटा. इथंही तसंच करू म्हटलं. कोठार भरायला लागलं. मस्त.

९ नोव्हें.
कसलं मस्त. सगळेच हमाल, कापणीला कोणी नाही, चुलीपाशी कोणी नाही. अर्धा गहू शेतातच थंडीनं गेला आणि माणसं कोठाराच्या दारात उपाशी. सासूबाई मागून बघत होत्या. "सगळ्यांका ओझ्याक लावलंस, मगे रांधता कोण गो?" राग आला. बरोबर बोलल्या म्हणून जास्तच.

१० नोव्हें.
कामं नीट वाटली. पण धान्य हिवाळाभर पुरणार नाही. डोंगरापलीकडच्या वस्तीत कांबळी दिली की धान्य देतात. कोणीतरी गाडी घेऊन जायला हवं. वाटेत लांडगे. सगळ्यात दणकट दिनू. नावावर एक क्लिक, बस. पण हात होईना. चित्रातला माणूस तो, कळतंय मला.

१४ नोव्हें.
दिनेशचा फोन, कुठल्याशा बंदरातून. हे संपलं की कंपनी लगेच पुढचं कॉन्ट्रॅक्ट देतेय. वेंगुर्ल्यात बर्फाच्या कारखान्यातही मशीनवर माणूस हवाय म्हणे. "काय करू? तू सांग." मी म्हटलं, तुझां तू ठरव. दर खेपेला हेच म्हणते. मग तो जातो आणि मी इथं चिडचिड करत बसते. फोन ठेवून रडले, भांडी घासता घासता.

१५ नोव्हें.
सासूबाई: "गाडयेर कोण जाता?"
म्हटलं, दिनू.
"परत तोच?" एवढंच. दिनूबद्दल की दिनेशबद्दल, ते सांगितलं नाही. गेल्या भाजी चिरायला.
दिनूचं नाव काढलं. हेमाला पाठवलं. दिनूला चुलीवर नेमलं. खेळातसुद्धा भिकार रांधतो मेला. अर्धं करपवलं, पण सगळ्यांनी खाल्लं.

१८ नोव्हें.
हेमा पोचली! लांडगे आले होते, वाचली. गाडी धान्यानं भरून परत निघालीय. आता वाटेत बर्फ.
तिला पाठवलं तेव्हापासून डोक्यात एकच: खेळात ठरवते, मग खऱ्या नवऱ्याला का सांगत नाही? शेवटी सकाळी दिनेशला मेसेज टाकला. चार वेळा लिहून पुसला, मग हे गेलं: "वेंगुर्ल्याचां काम घे. माका तू घराक होयो."
पाठवल्यावर धडधडलं, नवी नवरी असल्यासारखं. सासूबाईंना सांगितलं. हसल्या, म्हणाल्या, "बरां केलंस."

१९ नोव्हें.
अजून एकच टिक. जहाज रेंजमध्ये नसेल. हेमाची गाडी खिंडीत आहे, कोठार जवळजवळ रिकामं. दिनूनं धान्य यायच्या आधीच मोठं भांडं चुलीवर चढवलंय.