पत्र्यातला सूर

५ नोव्हेंबर १९५४
आजपासून रोजनिशी. यंत्र पूर्ण होईपर्यंत रोज लिहायचं. खाडा नाही.
कॅम्पातल्या भंगारवाल्याकडून मिलिटरीच्या रेडिओचे तीन काचेचे व्हॉल्व्ह आणले. घरी येईतो एक फुटला. मला लागणार होते दोनच. शुभशकुन.
काम सोपं आहे. दोन व्हॉल्व्ह, दोन कॉइली. प्रत्येकीचा सूर इतका वरचा की माणसाला ऐकू येत नाही. दोघांची वजाबाकी होते, ती स्पीकरमधून येते. शिवाय एक तांब्याचा पत्रा. पत्र्यासमोर हात नेला की सूर चढतो, मागे घेतला की उतरतो. हात लावायचा नाही, हवेत धरायचा. भाता नाही, पट्ट्या नाहीत. सगळं एका इंग्रजी मासिकातल्या चित्रात आहे. मला इंग्रजी येत नाही. पण चोळ्याच्या पॉवर हाउसात चोवीस वर्षं तेलपाणी केलं. वीज मला ओळखते.

८ नोव्हेंबर
ओळखलं नाही. उजवा हात खांद्यापर्यंत बधिर. फ्यूज गेला. वहिनींनी चिमणी लावून भाकऱ्या केल्या. बोलल्या नाहीत. त्या बोलत नाहीत तेव्हा मला जास्त धडधडतं.
मधले दोन दिवस लिहिलं नाही. नियम उद्यापासून.

१५ नोव्हेंबर
हे कशासाठी, ते एकदा लिहून ठेवतो.
येत्या माघ वद्य पंचमीला दादांना जाऊन वर्ष होईल. त्या दिवशी विठ्ठलमंदिरात मंडळाचं भजन आहे. दादांचा आवडता अभंग मी यंत्रावर वाजवणार.
दादा म्हणजे माझे थोरले बंधू त्र्यंबक. धंदा शिंप्याचा, पण कल्याणात नाव पेटीमुळे. एकतीस वर्षांपूर्वी त्यांनी भर भजनात पेटी थांबवली आणि म्हणाले, "रघू, तू टाळ धर. तोंड उघडू नकोस." रागावून नाही, मायेने म्हणाले. रागावून म्हणाले असते तर मी भांडलो असतो. त्या दिवसापासून देवळात मी तोंड फक्त प्रसादाला उघडलं.
मला सूर नाही म्हणे. ठीक आहे. सूर यंत्रात असला की माणसात नसला तरी चालतो. हे दादांना दाखवायचं राहून गेलं.

२० नोव्हेंबर, दुपारी ३-१०
आवाज आला. स्पष्ट. मोठा. सुरेल.
वहिनींनी पलीकडून विचारलं, भावोजी, मांजर कुठे अडकलंय का.

२८ नोव्हेंबर
पत्रा भिंतीला ठोकला. माझी खोली आणि वहिनींचं माजघर यांच्यामध्ये फळ्यांची भिंत आहे, तिलाच. दुसऱ्या भिंतीत खिळा जात नाही.
दादांची मापाची टेप घेऊन खुणा केल्या. पत्र्यापासून अकरा इंचांवर सा, साडेनवावर रे, सव्वाआठावर ग. मापं मासिकातल्या चित्रावर बोट ठेवून काढली. आता खुणेवर हात धरायचा, झालं. कानाचा कुठे संबंधच ठेवला नाही. हा शोध माझा. मासिकात नाही.

४ डिसेंबर
मंडळाचे प्रमुख महिपतराव ओट्यावर भेटले. त्यांच्याकडे आळीतला एकच रेडिओ. म्हणाले, रोज दुपारी तीनला लागलं की बातम्यांमध्ये एक बाई रडते. मी म्हटलं, रेडिओ जुना झाला, हल्लीची कारागिरीच अशी. त्यांनी मान हलवली. शिकलेली माणसं असून विजेतलं ओ की ठो कळत नाही.

१६ डिसेंबर
आज जे झालं ते जसंच्या तसं लिहितो.
वेळ सव्वातीन. लख्ख ऊन. सा वर हात धरला. अकरा इंच. सूर लागला, आणि हात न हलवता आपोआप चढला. थोडासाच. चढून तिथेच बसला. मी दुसऱ्या हाताने टेप लावून पाहिली. अकराच.
दादा असंच करत. सूर आधी जरा खालून घेत आणि वर नेऊन अलगद बसवत, झोपलेलं मूल खांद्यावरून खाली ठेवावं तसा.
पत्र्याजवळ माणूस आलं की सूर चढतो. खोलीत मी एकटा होतो.
यंत्र बंद केलं. मी घाबरलो नाही. चहा प्यायचा होता.

१८ डिसेंबर
शास्त्रीय पद्धतीने तपास केला. मांजर: ओसरीवर. वारा: नाही. पॉवर हाउसात लोड कमी-जास्त होणं: चोवीस वर्षांच्या अनुभवावरून, नाही. माजघर: बघण्याचं कारण नाही. त्या वेळी वहिनी आडव्या असतात, उगाच कशाला डोकवा.
दोन्ही दिवस चढला. आज ग सुद्धा.
राहतं काय, ते लिहीत नाही.

२७ डिसेंबर
दंडाला काळा दोरा बांधला. यंत्रालाही बांधला. यंत्राचा भित्रेपणा जावा म्हणून.
मग सरळ विचारलं. मोठ्याने नाही, मनात. दादा, तुम्ही आहात का? असाल तर चढवा.
चढला.
अंगावर काटा आला. तरी पुढे विचारलं. माझा सूर बरोबर लागतो का?
तिथेच राहिला. आधीच चढलेला होता, म्हणजे हो.
मग विचारलं, ते टाळाचं बोलणं मागे घेता का?
बराच वेळ काही नाही. हात दुखायला लागला. मग सूर एकदम खाली आला आणि वहिनींनी चहाला हाक मारली. उत्तर अर्धवट राहिलं. बायकांना वेळकाळ नसतो.

५ जानेवारी १९५५
झोप नाही. दुपारी यंत्र लावायचा धीर होत नाही आणि लावल्याशिवाय राहवत नाही. लावलं की पाठीमागे कोणीतरी श्वास घेतंय असं वाटतं. वळून बघितलं तर खुंटीवर माझाच कोट.
एक गोष्ट कोणाला सांगितली नाही. दादा जात होते तेव्हा त्यांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. ओठ हलत होते. मी म्हटलं, टांगा बघून येतो, आणि बाहेर पडलो. टांगा दारातच उभा होता. मी पार नाक्यापर्यंत जाऊन आलो. परत आलो तेव्हा वहिनींनी बांगड्या काढून ठेवल्या होत्या.
टांगा बघणं जरुरीचं होतं. घोडा अशक्त होता.
तेव्हा जे म्हणायचं राहिलं, ते म्हणायला दादा येत असतील. मला समजायला हवं. म्हणून रोज अर्धा तास सा वर हात धरणार.

१४ जानेवारी, संक्रांत
महिपतराव तिळगूळ द्यायला आले. रेडिओ दुरुस्तीला ठाण्याला पाठवलाय, म्हणून दुपारी मोकळे होते. मी म्हटलं, बसा, ऐका, आणि पंचमीला मला वाजवू द्यायचं का ते सांगा. ते हसले. म्हणाले, रघूनाना, तुम्ही आणि सूर? टाळ काय वाईट आहे? गोल असतो, चुकत नाही.
मी यंत्र लावलं. हात धरला. पलीकडे वहिनींचं पाटा-वरवंट्याचं काम चाललं होतं, ते थांबलं. सूर लागला, चढला, बसला. रे. ग. प्रत्येक खुणेवर तसाच, खालून येऊन वर बसणारा. अभंगाची पहिली ओळ पुरी केली.
महिपतरावांच्या हातातला तिळगूळ तसाच. डोळे ओले. म्हणाले, "हा त्र्यंबकचा सूर आहे, नाना. पेटीची काळी एक. तोच."
मी म्हटलं, माहीत आहे.
पंचमीला वाजवायचं ठरलं. पेटी त्या अभंगापुरती बंद.

२ फेब्रुवारी
तालीम उत्तम. दादा रोज येतात. आता भीती अजिबात नाही. रामरक्षा म्हणतो ती सवय म्हणून.
वहिनींची पाठ धरली आहे. जमिनीवर बसून दुखते म्हणाल्या. मी म्हटलं, भिंतीला टेकून बसत जा. त्यांनी माझ्याकडे असं काही बघितलं की मी पाणी प्यायला उठलो.

११ फेब्रुवारी
उद्या. पत्रा भिंतीवरून काढला. देवळात लाकडाच्या घोडीवर टांगायचा. मागे कोणी बसायचं नाही असं महिपतरावांना निक्षून सांगितलंय. दादांना जागा हवी.
टेप, फ्यूजची तार, तिसरा काळा दोरा घेतला.
उद्या सगळी आळी ऐकेल. एकतीस वर्षं काही कमी नाहीत.

१२ फेब्रुवारी, माघ वद्य पंचमी
देवळात एकच दिवा. प्लगची सोय नाही, म्हणून बल्ब काढून त्या होल्डरमधून यंत्राला वीज घेतली. समईचा उजेड. वातावरण योग्य.
सगळे बसले. वहिनी बायकांमध्ये, पार खांबापलीकडे. महिपतरावांनी दादांबद्दल दोन शब्द सांगितले, माझ्याकडे बघून मान हलवली.
मी अकरा इंचांवर हात धरला.
सूर लागला. मी थांबलो. चढायची वाट बघितली. तो तिथेच. मी मनात म्हटलं, दादा, चला. तो तिथेच. दोन-चार जणांनी एकमेकांकडे बघितलं. मी रे वर गेलो. पुढच्या रांगेतली एक मुलगी फिसकन हसली, तिला आईने चिमटा काढला.
तेवढ्यात देवळातला धाकू बुक्का लावायला निघाला. भजनात प्रत्येकाच्या कपाळाला बुक्का लावायचा, मोडता येत नाही. तो जवळ येईल तसं यंत्र वर जायला लागलं. तो वाकला तसं किंचाळलं. तो दचकून मागे सरला तसं गुरगुरत खाली आलं. बिचाऱ्याला वाटलं बुक्का नीट लागला नाही, म्हणून पुन्हा पुढे आला. तीन वेळा.
कोणीतरी म्हणालं, अरे आवरा, देव घाबरेल.
महिपतराव उठले. होल्डरमधून माझा प्लग काढला आणि बल्ब लावला. उजेड झाला. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मग कोणीच बघितलं नाही. पेटी सुरू झाली. अभंग चांगला झाला म्हणतात.

१३ फेब्रुवारी
कारणं. एक: देवळातली वीज कमी दाबाची. दोन: बुक्का. कोळशाची पूड, वीज खेचते. तीन: घोडी सागवानी, घरची भिंत आंब्याच्या फळ्यांची. चार: दादांना गर्दी आवडत नसे.
चौथं खोटं आहे. त्यांना गर्दी फार आवडायची.
ते का आले नाहीत? त्यांच्याच दिवशी?

१५ फेब्रुवारी
जेवताना वहिनींना सगळं सांगितलं. दादा रोज दुपारी येत होते, सूर उचलून धरत होते, आणि पंचमीला आले नाहीत. मी म्हटलं, त्यांनी मला एवढ्या लोकांत पुन्हा एकदा खाली बसवलं.
वहिनींनी पानात भात वाढला. मग म्हणाल्या,
"ते नव्हते, भावोजी. मी होते."
मी घास पानात ठेवला.
"तुमचा सूर खाली लागायचा. ऐकवेना. एकदा सहज भिंतीला पाठ टेकली तर तो वर आला. मग रोज टेकायला लागले. थोडी टेकली की थोडा, नेट लावला की जास्त. तीस वर्षं त्यांचा सूर ऐकलाय, भात शिजला का ते कळतं तसा कळतो."
मी म्हटलं, मला का नाही सांगितलंत.
म्हणाल्या, "सांगितलं असतं तर तुम्ही पत्रा दुसऱ्या भिंतीला लावला असता. माझा तेवढाच अर्धा तास होता." मग म्हणाल्या, "देवळात तरी काय टेकणार? खांबाला टेकले होते. त्याने होतंय का काही?"
ताक वाढू का म्हणाल्या. मी नको म्हटलं. वाढलं.

१६ फेब्रुवारी
शास्त्राच्या दृष्टीने बरोबर आहे. माणूस जवळ आलं की सूर चढतो. हे मीच पहिल्या दिवशी लिहिलंय.
म्हणजे खोलीत कोणी येत नव्हतं. निर्धास्त झोपायला हरकत नाही.
झोप आली नाही. कोणी येत होतं तेव्हा निदान कारण होतं.

२३ फेब्रुवारी
पत्रा पुन्हा त्याच भिंतीला ठोकला. वहिनी काल त्यांच्या बहिणीकडे टिटवाळ्याला गेल्या. पाठ बरी होईपर्यंत राहीन म्हणाल्या.
दुपारी सव्वातीनला सा वर हात धरला. अकरा इंच. सूर लागला. हलला नाही.
तो खाली आहे की बरोबर आहे, हे अर्धा तास ऐकलं. कळलं नाही.