एएफपी आणि आंबिलीचं बिंदगं

शुक्रवार, ८ मे

कणीक तशीच झाकून लिहायला बसले. हसू आवरंना.

आठवडाभर घरात कुणाला घास गोड लागला न्हाई. आमच्या सुनेच्या, सारिकाच्या, रक्ताच्या तपासणीत ते एएफपी का काय म्हणतात, ते वाढलेलं निघालं. पोटातल्या बाळाच्या मणक्यात दोष असू शकतो, असं दवाखान्यात म्हणले. त्यात लेकानं मोबाईलवर वाचलं की कॅन्सरलाही हीच तपासणी करतात. झालं, त्याची झोपच उडाली.

आज बीदरला सोनोग्राफी केली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बाळ अगदी चांगलं हाय, फक्त तुम्ही सांगितलं त्याच्यापेक्षा जवळजवळ महिन्यानं मोठं हाय. बाळ वाढंल तसा हा आकडा वाढतो; पाळीची तारीख चुकली, म्हणून तो जास्त वाटला.

तारीख चुकलीच कशी? संक्रांतीला पाळी आली हुती, असं माझ्यासमोर सांगितलेलं तिनं.

परतताना बसमध्ये सारिका खाली मान घालून म्हणाली, "आत्या, संक्रांतीला न्हाई, तिच्या महिनाभर आदी, येळामावस्येला आली हुती. तुमाला कळलं असतं तर मला शेतात येऊ दिलं नसतं."

म्हणजे त्या दिवशी शेताच्या पूजेला नेलेलं आंबिलीचं मडकं, ते बिंदगं, हिच्याच डोक्यावर. शेतात पाच दगडांचे पांडव मांडतात, त्यांना निवद दाखवला हिनंच. आणि मी एवढी शिवाशिव पाळणारी, दोन वाट्या आंबील पिऊन वर म्हणाले, अशी चव कधी आली न्हाई.

रागवावं का? पण कामून रागवू? बाळ चांगलं हाय, सारिका चांगली हाय.

बिंदग्यानं शेताला विटाळ झाला म्हणावं, तर औंदा ज्वारी कधी न्हाई तशी पिकली.