कव्हर काढल्यावर

बाबा,

टॅबचं कव्हर मीच काढलंय, शोधत बसू नका. टॅबला दोन्ही बाजूंनी धरून बसणारा गेमचा नवा कंट्रोलर तुमच्यासाठी मी तीन दुकानं पालथी घालून निवडला. एकाची बटणं कडक, तुमच्या उजव्या अंगठ्याला झेपली नसती. दुसरा नुसत्या फोनपुरता. हा मऊ आहे, लहान टॅबलाही चालतो. पण माप घेताना मी कव्हरची जाडी धरलीच नाही. जन्मभर घड्याळं दुरुस्त करणाऱ्याची मुलगी आणि ही चूक! हसा.

तर कव्हर काढलं आणि आत घडी घातलेला कागद निघाला. हाताच्या व्यायामाच्या डॉक्टरांनी दिलेल्या तीन तारखा. दोन उलटून गेल्यात, तिसरी आज, अकरा वाजता. आणि मला काय सांगितलंत? "आता यायची गरज नाही म्हणाले."

घरात पाय ठरत नाहीये, म्हणून दवाखान्यात नंबर लावायला पुढे जातेय. रागावलेय, खोटं कशाला बोलू. चहा थर्मासमध्ये आहे. बटणांचा शर्ट घालू नका, त्यात वेळ जाईल. खुर्चीवर टी-शर्ट ठेवलाय. कोपऱ्यावरून रिक्षा करा, चालत येऊ नका.

आणि एक. टॅबवरच्या त्या गाड्यांच्या शर्यतीत मी महिनाभर मुद्दाम हरतेय. तुम्हाला ते कळतं, हे मलाही कळतं. तरी जिंकल्यावर डावा हात पुढे करून टाळी मागता, तेव्हा मी तुमच्या उजव्या हाताकडे बघते.

अकराला या. मला एकदा खरंखुरं हरवा.

धाकटी