बसक्या गाडीचा ऐब

बाबा, तुमच्या गॅरेजातल्या त्या दोन आसनी परदेशी गाडीविषयी लिहीत आहे, जिला सगळे ‘बसकी’ म्हणत. तुम्ही गेलात तेव्हा रांगणारा तुमचा नातू, माझ्या बहिणीचा मुलगा, आता पुण्यात महागड्या, वेगवान मोटारींच्या लिलावांचे काम पाहतो. सुपरकार म्हणतात त्यांना. काल त्याने मला एक लिलाव फोनवर दाखवला. यांतल्या बहुतेक मोटारी शोरूमच्या दाराबाहेर पडताच किमतीने उतरतात. पण जिच्या मोजक्याच प्रती निघाल्या, जी जेमतेम चार गल्ल्या फिरली, जिच्या आसनावरचे प्लास्टिकही निघालेले नाही, ती नव्यापेक्षा महाग जाते. इंजिनही कारखान्यातून आले तेच हवे. क्रमांक जुळला नाही की बोली बसते. तो हे नवल म्हणून सांगत होता. मला त्यात काही नवे वाटले नाही. हाच युक्तिवाद मी परभणीत, स्टेशनजवळच्या गॅरेजात, तुमच्याशी केला होता. तो बरोबर होता, असे मी आजही म्हणते.

बसकी तुम्ही एका जहागीरदाराच्या सामानाच्या हर्रासात, म्हणजे लिलावात, घेतलीत. तिच्या इंजिनाचे सुटे भाग हैदराबादेतही मिळेनात, तेव्हा ते काढून तुम्ही एका देशी टॅक्सीचे इंजिन बसवलेत. मी तर्कशास्त्रात एम. ए. करत होते, सुट्टीला आले होते. “तुम्ही तिची किंमत मारलीत,” मी म्हणाले. तुम्ही चिंधीला हात पुसत होतात. “चालत न्हाई ती गाडी न्हाई माय, देव्हाऱ्यातली मूर्ती हाय. हळदकुंकू लाव आन् बस.” किंमत आणि उपयोग या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत, असे मी सांगितले. “असतील तुझ्या कालिजात,” तुम्ही म्हणालात आणि पान्याकडे वळलात.

विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला त्या पावसाळ्यात खेड्यांतल्या दलित वस्त्या जाळल्या जात होत्या आणि एसटी बंद होती. मानवतकडच्या एका वस्तीतून तुम्ही भाजलेली माणसे परभणीच्या दवाखान्यात आणलीत. शेजारी एकच जागा, म्हणून चार खेपा. आसनाचे कातडे कितीदा धुतले तरी वास गेला नाही. त्या खेपांनी बसकीची किंमत रुपयानेही वाढली नाही. वाढायला हवी होती, असे मी म्हणत नाही. किंमत हे मापच तिथे लागू पडत नाही.

पुढे काही वर्षांनी तुम्हाला लेथ मशीन घ्यायचे होते. शाफ्ट तासून आणायला दर वेळी नांदेड गाठावे लागे, ते संपणार होते. म्हणून बसकी मोंढ्यातल्या धान्यबाजाराच्या मैदानात हर्रासाला उभी राहिली. बैलबाजारातली रीत तुम्ही मोटारींच्या बाजारात आणली होती. जनावराचा ऐब, म्हणजे खोट, मालकाने त्याच्यावर हात ठेवून, तिसऱ्या पुकाराआधी, स्वतःच्या तोंडाने सांगायचा. सांगितलेल्या ऐबाची तक्रार नंतर कुणी करत नसे, आणि ज्याने एक ऐब सांगितला त्याच्या उरलेल्या शब्दांवर लोक विश्वास ठेवत. बॉनेट तुम्ही उघडायचात ते त्याच क्षणी, आधी नाही. त्या दिवशी हैदराबादचा एक शौकीन बोली चढवत होता. ‘एक बार’ झाले, ‘दो बार’ झाले. “मिस्त्री, इंजिन असली हय ना?” त्याने विचारले. तुम्ही गाडीकडे वळलात, आणि मी मागून स्पष्ट आवाजात म्हणाले, “नाही. टॅक्सीचे आहे.”

मैदान हसले. “बाप छुपारा, बेटी बतारी,” कुणीतरी म्हणाले. शौकिनाला मग चेसीवर, गिअरवर, कागदांवरही संशय आला आणि तो निघून गेला. बसकी भंगाराहून थोड्या वरच्या भावाला गेली. लेथ आला नाही. तुम्ही शेवटपर्यंत नांदेडच्या एसटीत शाफ्ट मांडीवर घेऊन बसत राहिलात. मैदानातून परतताना रिक्षात तुम्ही एवढेच बोललात: “खरं तेच बोललीस. पर ऐब मालकानं सांगायचा असतो, माय.”

विधान कोणी उच्चारले यावर त्याचे सत्य ठरत नाही, हे मी निवृत्त होईपर्यंत शिकवले आणि ते मागे घेत नाही. नातवाला मात्र काल सांगितले की प्रत्येक मोटारीची खोट पत्रकाच्या पहिल्या पानावर, मालकाच्याच शब्दांत छाप. “मावशी, अशानं बोली पडेल,” तो म्हणाला. “पडायची तेवढीच पडेल,” मी म्हणाले. का, ते त्याने विचारले नाही.

हे पत्र मी माझ्या जुन्या टिपणांच्या गठ्ठ्यात ठेवणार आहे. त्या संध्याकाळी आईला मी सांगितले होते की बाबा लपवतील असे वाटले, म्हणून बोलले. ते खरे नव्हते. बॉनेट उचलायला तुमचा हात त्याच्या कडेखाली गेलेला मी पाहिला होता.