आडनावाच्या जागी शेरा

तीर्थस्वरूप मामा,

कागदावर जेवढं वाकता येतं तेवढं वाकून नमस्कार. तुमचा गुडघा जिना चढू देतो आहे ना? मामींचा दमा कसा आहे? आमच्याकडे सगळे ठीक. आईचं डोकं दुखतं, पण ते ती कुणाशी बोलून उठते त्यावर असतं. पत्र हाताने लिहिते आहे याचं आश्चर्य मानू नका. सध्या मला ईमेल करायला डॉक्टरांची मनाई आहे. (म्हणजे आमच्या डॉक्टरांची, जनावरांच्या.)

झालं असं, की आमचा दवाखाना पुलापलीकडच्या नव्या जागेत हलायचा होता. माझ्याआधी काउंटरवर ज्या बाई बसायच्या, त्यांनी सगळ्या गिऱ्हाइकांची एक शीट कॉम्प्युटरवर करून ठेवली होती. मालक, प्राणी, ईमेल आणि शेवटी शेरा. मालकाला ज्या नावाने हाक मारायच्या तेच नाव लिहायच्या, वकीलसाहेब, गाण्याच्या बाई असं; आणि शेऱ्यात त्यांच्या जनावराबद्दल सावध राहावं असं काही असेल ते. डॉक्टर म्हणाले, ही नावं मेलच्या प्रोग्राममध्ये चढव आणि सगळ्यांना नवा पत्ता कळव, पाच मिनिटांचं काम आहे. (आपण स्वतः कधी न केलेलं काम पाच मिनिटांचंच असतं.)

पहिल्या खेपेला नावं चढली, पण सगळ्या अक्षरांचे चौकोन झाले. वकीलसाहेब आणि गाण्याच्या बाई यांच्यात फक्त चौकोनांचा कमीजास्तपणा उरला. ते सगळं पुसलं. मग शीट कुठल्याशा वेगळ्या प्रकारात सेव्ह केली, तेव्हा अक्षरं धड आली आणि प्रोग्राम विचारू लागला, कुठला रकाना कुठे घालू? त्याच्याकडे जागा तीन: नाव, आडनाव, ईमेल. आमच्या शीटमध्ये आडनाव नाहीच. जागा रिकामी सोडणं माझ्या जिवावर आलं (आपल्या घरात रिकामा डबासुद्धा कुणाला बघवत नाही), म्हणून तिथे शेरा घातला. पत्राच्या सुरुवातीला 'प्रिय', पुढे नाव आणि पुढे आडनाव हे तो प्रोग्राम आपणहून घालतो, हे मला पत्रं गेल्यावर कळलं.

तर गाण्याच्या बाईंना गेलं, 'प्रिय गाण्याच्या बाई रात्रभर ओरडते'. बँकेच्या मॅनेजरना, 'प्रिय मॅनेजरसाहेब अंगावर पिसवा, इतरांपासून लांब बसवावे'. फौजदारांना, 'प्रिय फौजदारसाहेब दिसायला दांडगा, सुई पाहून मुततो'. वकीलसाहेबांच्या बोक्याचा शेरा 'नसबंदी झालेली आहे' असा होता. त्यांनी लगेच उलट विचारलं, की माहिती खरी आहे, पण ती दवाखान्याला पुरवली कुणी?

डॉक्टर केबिनमधून बाहेर आले, माझ्याकडे पाहिलं आणि आत गेले. थोड्या वेळाने पुन्हा येऊन म्हणाले, सगळ्यांची माफी माग, नाहीतर उद्यापासून येऊ नकोस. मी फार मनापासून माफीचं पत्र लिहिलं आणि सगळ्यांना पाठवलं. त्याच प्रोग्राममधून. फौजदारांना तीच गोष्ट दुसऱ्यांदा कळली.

मग फोन सुरू झाले. त्यातला एकच फोन शांत होता. निवृत्त मोजणीदार आहेत, त्यांच्यापुढे लागलं होतं, 'एकटं ठेवल्यास जेवत नाही'. त्यांनी हळूच विचारलं, "हे तुम्हाला कसं कळलं हो?" मी सांगितलं, शेरा तुमच्या कुत्र्याचा आहे. ते म्हणाले, "तो गेला की. मागच्या उन्हाळ्यातच." मी त्यांना नवीन जागेचा पत्ता सांगितला. (त्या दिवशी मी सगळ्यांना तेच सांगत होते.)

नवीन दवाखाना उघडला त्या दिवशी बाहेरच्या फुटपाथवर रांग. सगळे भांडायला आले होते, पण येताना जनावरं घेऊन आले होते. आलोच आहोत तर लस टोचून घेऊ, असं करता करता डॉक्टरांना मान वर करायला फुरसत मिळाली नाही. माझ्या नोकरीचा विषय त्यानंतर निघालेला नाही, आणि मीही काढत नाही. मोजणीदारही आले, हात हलवत. आता दुपारी डबा घेऊन येतात, आमच्याबरोबर जेवतात आणि इंजेक्शनच्या वेळी दुसऱ्यांची कुत्री धरतात. फौजदारांचं कुत्रं त्यांनीच धरलं. टेबल ओलं झालं, पण सगळं नाही.

बाकी ठीक. मामींना नमस्कार.

तुमची भाची

ता. क. पत्राचं खरं कारण वर लिहायचा धीर झाला नाही. तुमच्या पोपटामुळे तुमचंही नाव शीटमध्ये होतं. तुम्हाला आलेली मेल 'प्रिय मामा मादी समोर असली की तोंड उघडत नाही' अशी सुरू होते. कृपा करून ती मामींच्या नजरेला पडण्याआधी पुसून टाका.

आणखी ता. क. पाकीट चिकटवत होते तेवढ्यात मामींचा फोन आला. त्यांनी वाचली आहे. मी घाईघाईने सांगितलं, तो शेरा पोपटाचा आहे. त्या म्हणाल्या, "असू दे गं, पण डॉक्टरांनी त्यावर औषध काय दिलं होतं, तेवढं बघून सांग." बघते आहे.