मांडव बघून भाडं

आप्पा, आज तुमचा लाउडस्पीकरचा कर्णा पुसला. परड्यातल्या फणसाला अजून तसाच टांगलेला आहे, पण बरेच दिवस मुका. काळी नदी बघायला येणाऱ्यांसाठी मी परड्यात खोल्या बांधल्या, ते बघायला तुम्ही नव्हतात. संध्याकाळी पाहुण्यांसाठी जुनी गाणी लावायचे. मग गाण्यांच्या हक्कांची फी गोळा करणाऱ्या एका संस्थेची नोटीस आली. फी शहरातल्या मोठ्या हॉटेलाइतकीच, आणि तीही बारा महिन्यांची. आपल्याकडे तर पावसाळाभर कुत्रंसुद्धा फिरकत नाही. मोजकीच गाणी हवीत म्हटलं, तर म्हणे घ्यायचा तर अख्ख्या भांडाराचा परवाना घ्या. दुसरीकडे जावं, तर ती गाणी दुसऱ्या कुणाकडे नाहीत. अडला हरी, दुसरं काय! मी गाणी बंद केली.

तुम्हीही एके काळी एकटेच होता की. कॅसलरॉकपासून नंदिगड्ड्यापर्यंत लग्नाला लाउडस्पीकर म्हटला की तुमचाच सेट. मनात आणलं असतं तर माडी बांधली असतीत. पण भाडं सांगण्याआधी तुम्ही विचारायचा, "मांडव केवढा हाय? पंगती किती उठणार?" रामनगरचा व्यापारी आपलं भाडं ऐकून डोळे वटारायचा, आणि रानातल्या कुळवाड्याकडून तुम्ही पोतंभर भात घेऊन यायचा. आई करवादायची, "ह्यो धंदा न्हवं, धर्मादाय हाय." कॉलेजच्या सुट्टीत मी तुमच्याबरोबर एका हळदीला आले होते. म्हाताऱ्या बायका जात्याजवळ गाऊ लागल्या आणि मी हौसेनं सिनेमाचं गाणं मोठं केलं. तुम्ही सगळ्या मांडवासमोर ओरडलात, "बंद कर आदी! आदी त्येंचं, मग आपलं." भाड्याबरोबर मिळालेला नारळ तुम्ही नेहमीसारखा त्या बायकांपुढं ठेवलात. "गळ्याचा मान हाय त्यो," म्हणालात. मला इतका राग आला होता, की परतताना जीपमध्ये मी तोंड फिरवून बसले. तुम्ही मात्र भाजक्या शेंगा सोलून माझ्या हातावर ठेवत होता. तो धुळीचा रस्ता आठवला की वाटतं, आणखी लांब असायला हवा होता.

तर आता आम्ही सगळ्या खोल्यावाल्यांनी मिळून स्पर्धा कायद्याखाली तक्रार करायचं ठरवलंय. दुकान एकच आहे म्हणून मनाला येईल तो भाव लावता येत नाही, असं तो कायदा म्हणतो. बेळगावच्या वकीलबाई कागद घेऊन आल्या. त्यात एक वाक्य होतं, की गाणाऱ्यांना, लिहिणाऱ्यांना पैसे एकदा मिळालेत, आता पुन्हा द्यायचं कारण नाही. माझी सही तिथं अडली. सुप्याकडचे एक काका आमच्यातलेच, त्यांचीही खोल्यांवरच गुजराण. ते वैतागले, "बाय, तू कुनाच्या बाजूची? सही कर की! तुज्यापायी समद्यांचं अडलंय."

मी म्हटलं, "काका, गळ्याचा मान द्यायचा. फकस्त मांडव बघून भाडं सांगा, म्हणूया."

काका हसले. त्यांच्या लग्नात सेट तुमचाच होता. "व्हय की. आप्पांनी माज्याकडनं भातच घेतलता," म्हणाले. वकीलबाईंनी नाक मुरडलं, पण वाक्य खोडलं, आणि मी सही केली. निकालाला वेळ लागेल. कदाचित हरूही.

हे पत्र मी कुठं टाकणार, घडी करून उशीखाली ठेवीन. पण एक सांगून टाकते. कुठली फी रास्त आणि कुठली नाही यावर मी हल्ली तावातावानं भांडते. आणि परवा तुम्ही लग्नं-सभांत भरलेल्या कॅसेटींची पेटी उपसून एकेक कॅसेट शेवटापर्यंत ऐकली. भटजी आहेत, पुढारी आहेत, उखाणा घेताना लाजलेल्या नवऱ्या आहेत. सगळ्या तालुक्याचा आवाज तुम्ही मोठा केलात, तुमचा मात्र एकाही कॅसेटीवर नाही. तो कुणा एकाच दुकानात मिळत असता ना आप्पा, तर मी भाव विचारला नसता.